पाडव्याचा फळांचा केक: मुंबईच्या उकाड्यात थर जागेवर राहावेत म्हणून

चैत्र लागला की मला एकाच प्रकारचे फोन येतात. भाची विचारते, शेजारची मुलगी विचारते, सोसायटीच्या ग्रुपवरच्या बायका विचारतात. सगळ्यांना पाडव्याला घरी केक करायचा असतो, मध्ये फळं भरलेला, दोन-तीन थरांचा. आणि सगळ्यांचं दुखणंही एकच: दुकानातला केक उभा राहतो, आपला बसतो. परळच्या माझ्या छोट्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं हा केक करताना जे हाताला लागलं, ते प्रश्नांप्रमाणे लिहिते आहे. प्रमाणं सगळी सात इंची टिनची आहेत. कप म्हणजे २४० मिली, मोठा चमचा १५ मिली आणि छोटा चमचा ५ मिली.

पाडव्याला कोणतं फळ घ्यावं? हापूस मिळेल ना?

आधी कॅलेंडर बघा. पाडवा दरवर्षी सरकतो. २०२४ला तो ९ एप्रिलला होता, २०२५ला ३० मार्चला, २०२६ला १९ मार्चला, आणि २०२७ला ७ एप्रिलला आहे. या तीन आठवड्यांच्या फरकात मुंबईचा फळबाजार पार बदलतो.

पाडवा मार्चच्या मध्यावर आला, तर हापूस वाशीच्या बाजारात आलेला असतो, पण थोडा असतो आणि पेटीचा भाव ऐकून परत फिरावंसं वाटतं. त्या दिवसांत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र अजून चांगली मिळते. तिचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि एप्रिलकडे संपत येतो. शेवटी शेवटी ती बारीक, मऊ आणि आंबट होत जाते. म्हणून मार्चमधला पाडवा स्ट्रॉबेरीचा, एप्रिलमधला हापूसचा, असा माझा सरळ हिशोब आहे. महागाचा अर्धा कच्चा आंबा आणून तो पिकायची वाट बघत बसण्यापेक्षा हंगामातलं ताजं फळ घ्यावं.

या दोन्हींच्या पलीकडेही बरंच काही मिळतं. नाशिकची बिनबियांची द्राक्षं असतात, नागपुरी संत्री असतात, डहाणू-घोलवडचा चिकू असतो. चिकूकडे लोक केकसाठी बघतच नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यात पाणी कमी, गोडी भरपूर, आणि क्रीमबरोबर तो इतका छान जमतो की खाणारा दोन घासांनंतर विचारतो, यात काय आहे? फक्त पिकून घट्ट असलेला घ्या, पिळपिळीत नको.

हापूस खराच आहे हे कसं ओळखायचं?

पेटीवर ‘देवगड’ छापलेलं असणं हा पुरावा नाही. एका दुकानातून मी अशीच पेटी आणली होती. आंबा दिसायला केशरी, पण नाकाला लावला तर वास नाही आणि कापला तर देठापाशी पांढरा. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच त्या नावाने विकता येतं. विक्रेत्याला बागेचं नाव, गाव विचारा. चांगला विक्रेता आनंदाने सांगतो.

माझी परीक्षा नाकाची. आढीत पेंढ्यावर पिकलेल्या हापूसचा वास देठापाशी येतो आणि खोलीभर पसरतो. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक आणि वास मात्र शून्य, असं दिसलं तर घेऊ नका. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी जपलेलं बरं.

आंबा बाहेरून सुंदर होता, कापला तर आत पांढरट, स्पंजासारखा. काय करू?

तो साका. हापूसचा जुना आजार. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. आतला गर फिकट, कोरडा, थोडा आंबूस होतो, कधी मध्ये पोकळी असते. तो भाग कापून टाका. उरलेला गर चाखून बघा, आंबूसपणा नसेल तर शिजवायच्या भरणात चालतो.

म्हणूनच केकला दोन आंबे लागणार असतील तर चार आणा. आणि आंबा आदल्या दिवशी कापून बघा. पाडव्याच्या सकाळी स्पंज तयार, क्रीम फेटलेलं, आणि हातातल्या दोन्ही आंब्यांना साका, हे मी एकदा अनुभवलं आहे. त्या वर्षी केळी घालून वेळ निभावली.

केकला पाणी सुटतं आणि वरचा थर सरकतो. नक्की काय चुकतं?

यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण बाकी सगळं जमूनही केक इथेच हातचा जातो.

फळ म्हणजे मुख्यतः पाणी. स्ट्रॉबेरीत साधारण ९१ टक्के, अननसात ८६, हापूससारख्या आंब्यात ८३, चिकूत ७८ टक्क्यांच्या आसपास. फळ कापलं की पेशी फुटतात. त्याच्यावर साखर पडली, किंवा गोड क्रीम टेकलं, की साखर ते पाणी बाहेर ओढते. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पातेल्यात पाणी जमतं ना, तसंच. हे पाणी खाली स्पंजात मुरतं, वर क्रीम पातळ करतं, आणि दोघांच्या मध्ये एक ओलसर, निसरडा पापुद्रा तयार होतो. वरचा थर त्याच्यावर घसरतो. मुंबईत मार्च-एप्रिलला पारा बत्तीस-तेहतीसवर असतो, हवेत दमटपणा असतो, त्यामुळे क्रीम आधीच मऊ पडलेलं असतं. दोन्ही एकत्र आलं की केक गेलाच.

माझा पहिला तीन थरांचा केक असाच गेला. ताज्या स्ट्रॉबेरी कापून, वर पिठीसाखर भुरभुरून सरळ थरांत घातल्या होत्या. दादरहून डोंबिवलीला जावेकडे निघाले. कुर्ला येईपर्यंत केकच्या डब्याच्या काचेला गुलाबी पाणी लागलेलं दिसलं. ठाण्याला वरचा थर एका बाजूला कलला. घरी पोचून झाकण उघडलं तेव्हा ताटलीत गुलाबी तळं आणि त्यात तिरका केक. सगळ्यांनी चमच्याने खाल्ला, चव छान होती असं सांगितलं. मला रात्रभर झोप लागली नाही.

तेव्हापासून चार गोष्टी सोडत नाही. थरांच्या आत जाणाऱ्या फळाचा निदान अर्धा भाग शिजवून घट्ट करायचा, किंवा स्ट्रॉबेरी असेल तर साखर लावून तिचा रस आधीच काढून घ्यायचा. ताज्या फोडी कापल्यावर चाळणीत अर्धा तास निथळू द्यायच्या, मग स्वच्छ पंच्यावर पसरून वरून टिपून घ्यायच्या. स्पंजावर आधी क्रीमचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे रस स्पंजात उतरत नाही. आणि थराच्या कडेने घट्ट क्रीमचा बांध घालायचा, शेताला घालतात तसा, फळ त्याच्या आतच राहील असा. बांध बोटभर उंच हवा आणि भरण त्याच्यापेक्षा किंचित खाली. एवढं केलं की केक उभा राहतो.

आंब्याच्या भरणाचं प्रमाण सांगा.

२०० ग्रॅम गर मिक्सरमधून काढा. त्यात दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे पाण्यात कालवून ओता. मंद आचेवर सतत ढवळत राहा. आधी ते पातळ होतं, मग कडेने बुडबुडे येतात, मग एकदम चकाकी येऊन पळीला धरायला लागतं. तिथून आणखी एक मिनिट शिजवा, नाहीतर कॉर्नफ्लोअरची कच्ची चव राहते. गार झाल्यावर चमच्याने उचललं तर ढेकळासारखं पडायला हवं. धार लागली तर अजून पातळ आहे, परत गॅसवर ठेवा.

यात आणखी २०० ग्रॅम ताज्या आंब्याच्या लहान फोडी मिसळा. शिजवलेल्या गराने केक सावरतो, ताज्या फोडींनी आंबा खाल्ल्याचं समाधान मिळतं. नुसत्या शिजवलेल्या गराचा केक मला जॅमसारखा लागतो.

बाजारचा डब्यातला आमरस घेणार असाल तर त्यात साखर आधीच असते. चाखा, मग ठरवा.

आणि स्ट्रॉबेरी?

४०० ग्रॅम घ्या. आधी धुवा आणि मग देठ काढा, उलट केलं तर देठाच्या खळग्यातून पाणी आत शिरतं. चार-चार तुकडे करून तीन मोठे चमचे साखर लावून अर्धा तास ठेवा. भांड्यात लालभडक रस जमेल. तो टाकून द्यायचा नाही! गाळून छोट्या पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवा, गार करा, आणि हाच रस ब्रशने स्पंजावर लावा. वेगळ्या साखरपाण्याची गरजच राहत नाही आणि स्पंजाला स्ट्रॉबेरीची चव लागते. निथळलेले तुकडे टिपून थरांत घाला.

अननस किंवा किवी घातला तर क्रीम कडू होतं असं ऐकलंय.

खरं आहे. कच्च्या अननसात, किवीत, पपईत आणि अंजिरातही प्रथिनं तोडणारी विकरं असतात. दुधाच्या क्रीममधली प्रथिनं तुटली की काही तासांत कडवट चव येते. याच विकरांमुळे जिलेटिन घातलेली जेली सेट होत नाही. उपाय सोपा आहे. फळ साखरेबरोबर पाच-सात मिनिटं उकळून घ्या. उष्णतेने विकरं निकामी होतात. डब्यातला अननस आधीच शिजलेला असतो, त्यामुळे त्याला ही अडचण नाही.

जिलेटिन वापरू की चायना ग्रास?

चायना ग्रास. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, म्हणून सणाच्या दिवशी बऱ्याच घरांत चालत नाही. पण तो प्रश्न बाजूला ठेवला तरी मुंबईसाठी चायना ग्रासच बरं. जिलेटिन तिशीच्या पुढे पारा गेला की पाघळायला लागतं. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून काढतात, पस्तीस-चाळीस अंशांना घट्ट होतं आणि पंच्याऐंशीच्या आसपास तापवल्याशिवाय परत वितळत नाही. म्हणजे फ्रिजबाहेरही टिकतं.

पाऊण कप गराला अर्धा छोटा चमचा पावडर पुरते. पाव कप पाण्यात ती दोन मिनिटं खळखळून उकळायची, आणि गर कोमट करूनच त्यात ओतायची. गार गरात ओतलीत तर जागीच गुठळ्या होतात.

अंड्याचा स्पंज चांगला की बिनअंड्याचा?

चवीने विचाराल तर अंड्याचा हलका, बिनअंड्याचा जरा भरीव. पाडव्याला मी बिनअंड्याचाच करते, कारण त्या दिवशी घरात सगळ्यांनी खायचा असतो. त्यात एक फायदाही आहे: भरीव स्पंज फळाचं वजन जास्त चांगलं पेलतो.

बिनअंड्याच्या स्पंजाला एक कप ताजं, घट्ट, आंबट नसलेलं दही आणि पाऊण कप साखर विरघळेपर्यंत फेटा. त्यात सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटं तसंच सोडा. वर फेस येऊन दही फुगलं पाहिजे. फुगलं नाही तर सोडा जुना आहे, पुढे जाऊ नका, नवी पुडी आणा. मग अर्धा कप वास नसलेलं तेल, एक छोटा चमचा व्हॅनिला, आणि दीड कप मैदा तीन वेळा चाळून, तीन हप्त्यांत घाला. पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. जास्त घोटलंत तर मैद्याला चिवटपणा येतो आणि केक रबरासारखा होतो. १७५ अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटं.

अंड्याच्या स्पंजाला तीन अंडी, ९० ग्रॅम साखर, ९० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे वितळलेलं लोणी आणि तेवढंच दूध. अंडी आणि साखर गरम पाण्याच्या भांड्यावर धरून बोटाला कोमट लागेपर्यंत फेटा, मग खाली उतरवून बीटरने आठ-दहा मिनिटं. बीटर उचलल्यावर खाली पडलेली रेघ दोन-तीन सेकंद तशीच दिसली की झालं. मैदा हलक्या हाताने, खालून वर घेत मिसळा. लोणी-दूध शेवटी. १७० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं. यात बेकिंग पावडर नाही. सगळं फुगणं अंड्यात कोंडलेल्या हवेवर आहे, म्हणून मिश्रण ओट्यावर पडून राहू देऊ नका.

मैद्याऐवजी कणीक चालेल?

अर्धी कणीक, अर्धा मैदा चालतो. पूर्ण कणकेचा स्पंज थर कापताना तुटतो. तो नुसता चहाबरोबर खायला छान.

ओव्हन नाही. कुकरमध्ये होईल का?

होतो. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणी कुकरवरच केक शिकल्या. तळाला दीड कप जाडं मीठ, त्यावर जाळी, झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढलेली. पाणी अजिबात नाही. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, टिन ठेवा, आच बारीक करा, आणि चाळीस मिनिटं तरी उघडू नका. पाच लिटरच्या कुकरमध्ये सहा इंची टिन बसतो, त्यामुळे वरच्या प्रमाणाचा पाऊण भाग घ्या. कोरडा तापवल्याने कुकर खराब होतो, म्हणून रोजचा नको, जुना घ्या. नाहीतर जाड बुडाची मोठी कढई आणि घट्ट झाकण.

कुकरमधल्या केकला वर रंग येत नाही. थरांच्या केकला त्याने काही बिघडत नाही, वरून क्रीमच लागणार आहे.

ओव्हनची कुठली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची?

तो दहा-पंधरा मिनिटं आधी तापलेला असणं. आणि सॉकेट! ओटीजी, म्हणजे घरातला विजेवरचा छोटा ओव्हन, साधारण दीड हजार वॉटच्या घरात असतो. तो साध्या पाच अँपिअरच्या सॉकेटला लावू नका, जाड पिनांच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. जुन्या चाळीत वायरिंग तपासून घ्या आणि त्याच वेळी गीझर चालू ठेवू नका.

केक मध्ये डोंगरासारखा फुगतो आणि तडकतो.

आच जास्त आहे. कडा आधी शिजून घट्ट होतात, मधलं ओलं मिश्रण वर येतं. दहा अंश कमी करा आणि पाच-सात मिनिटं वाढवा. टिनभोवती जुन्या सुती साडीची ओली पट्टी पिन लावून गुंडाळलीत तर वरचा भाग जवळजवळ सपाट येतो. पट्टी निथळती नको, पिळलेली हवी, आणि ओव्हनच्या तापलेल्या सळईला टेकू देऊ नका.

क्रीम कोणतं आणावं?

किराणा दुकानात मिळणारं साधं फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचं असतं. ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. भाजीत घाला, फळांत घाला, केकला नको. फेटायला निदान ३० टक्के स्निग्धांश हवा, पाकिटावर छापलेला असतो, वाचून घ्या.

दुसरा प्रकार वनस्पती तेलाचं गोठवलेलं क्रीम, बेकरीवाले वापरतात ते. उकाड्यात ते छान टिकतं, फेटल्यावर जवळजवळ तिप्पट होतं. पण टाळूला मेणासारखं चिकटतं आणि आधीच गोड असतं. दुधाच्या क्रीमची चव वेगळीच, पण मुंबईत ते तासाभरात मान टाकतं. बरीच वर्षं दोन्हींशी झगडल्यावर मी अर्धं-अर्धं घेते. गोठवलेलं क्रीम रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात सुटू द्यायचं, आत थोडा बर्फाचा चुरा असतानाच फेटायला घ्यायचं, जरा घट्ट झालं की दुधाचं गार क्रीम ओतून दोन्ही एकत्र फेटायचं. या केकला दोन्ही मिळून ४०० मिली पुरतं. साखर चाखून.

भांडं आणि बीटरची पाती पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, आणि फेटताना भांड्याखाली बर्फाची परात धरा. मी हे काम पहाटे करते, गॅस पेटायच्या आधी. सकाळी साडेपाचला ओट्याची फरशी हाताला गार लागते, आणि तिचा क्रीमला खरोखर फायदा होतो.

क्रीमऐवजी श्रीखंड भरलं तर?

हा प्रश्न कोणी विचारला की मला फार आनंद होतो. नक्की भरा, पण आपलं नेहमीचं श्रीखंड नको, ते थरांत वाहतं. साखर घातली की चक्का पातळ होतो, तेच वरचं साखर-पाण्याचं कारण. एक लिटर दुधाचं सायीचं दही फ्रिजमध्येच रात्रभर टांगा. बाहेर टांगलंत तर आपल्याकडच्या हवेत सकाळपर्यंत आंबतं. घट्ट चक्का पुरणयंत्रातून काढा. २५० ग्रॅम चक्क्याला चार मोठे चमचे पिठीसाखर, वेलची, दुधात खललेलं केशर. मग ते परत तासभर फडक्यात टांगा, सुटलेलं पाणी निघून जाऊ द्या. शेवटी अर्धा कप फेटलेलं क्रीम हलकेच मिसळा.

याच्यावर आंब्याच्या फोडी आणि वेलचीचा स्पंज. पाडव्याच्या दिवशी पुरीच्या ताटाशेजारी हा केक परका वाटत नाही.

क्रीम फेटता फेटता रवाळ झालं.

जास्त फेटलं गेलं. दोन-तीन चमचे गार, न फेटलेलं क्रीम घालून हाताने हळू फिरवा, बहुतेक वेळा सावरतं. पिवळसर गोळे आणि ताक वेगळं दिसायला लागलं असेल तर ते लोणी झालं, पोळीला लावा.

थर सरळ कसे कापायचे?

गरम किंवा नुसता गार झालेला स्पंज कापू नका. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तो घट्ट झालेला असतो, चुरा पडत नाही. वरचा फुगवटा आधी काढा. मग कडेने चारी बाजूंना टूथपिक एकाच उंचीवर टोचून खूण करा आणि दातेरी ब्रेडच्या सुरीने केक फिरवत फिरवत कापा, सुरी एकदम आरपार ढकलू नका. माझ्या आईच्या शेजारीण जाड शिवणदोरा केकभोवती गुंडाळून, टोकं समोर आणून ओढायच्या. अजूनही मला तीच पद्धत जास्त सरळ वाटते.

रचताना वरचा थर सगळ्यात खाली, आणि तळाचा थर उलटा करून, टिनच्या बुडाला लागलेली सपाट बाजू सगळ्यात वर. म्हणजे वरचा पृष्ठभाग आपोआप सपाट येतो. बिनअंड्याचा स्पंज ओलसर असतो, त्याला दोन-तीन चमचे रस पुरे. अंड्याच्याला थोडा जास्त.

सगळे थर रचून झाले की बाहेरून क्रीमचा अगदी पातळ हात द्या आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. चुरा त्यात अडकतो, नंतरचा हात स्वच्छ बसतो.

कुठल्या दिवशी काय करायचं?

दोन दिवस आधी स्पंज करून फ्रिजमध्ये ठेवा, दही टांगा, आंब्यांवर नजर ठेवा. आदल्या दिवशी सकाळी थर कापा, दुपारी भरण शिजवून गार. आदल्या रात्री थर रचून पहिला हात. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली की शेवटचा हात आणि सजावट. रात्रभर फ्रिजमध्ये बसलेला केक कापताना जास्त नीट कापला जातो, म्हणून सगळं सकाळीच करायचा हट्ट धरू नका.

दुसऱ्यांच्या घरी कसा न्यायचा?

केकच्या मध्यातून बांबूची जाड काडी तळापर्यंत घाला, थर सरकत नाहीत. कापायच्या आधी आठवणीने काढा, आणि यजमानांनाही सांगून ठेवा. खोक्यात केकच्या पुठ्ठ्याखाली ओल्या पंच्याची घडी ठेवली तर पुठ्ठा घसरत नाही. टॅक्सीत मांडीवर घेऊ नका, मांडी उतरती असते. पायाशी सपाट जागेवर ठेवा आणि एसी लावायला सांगा. लोकलने जायचं तर गर्दीच्या उलट दिशेची वेळ निवडा आणि जाड पिशवीत खोक्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे पॅक ठेवा.

पाडव्याच्या सकाळी गिरगावात शोभायात्रा असते, डोंबिवलीत तर १९९९पासून ही प्रथा आहे, ठाण्यातही निघते. रस्ते बंद असतात. त्या भागात जायचं असेल तर केक आदल्या संध्याकाळीच पोचवा.

बाहेर किती वेळ ठेवला तर चालतो?

कापलेलं फळ आणि क्रीम असलेला केक दोन तासांच्या वर बाहेर नको. पारा बत्तीसच्या पुढे असेल तर एकच तास. लहान मुलं आणि वयस्कर माणसं घरात असतील तर यात सूट घेऊ नका. फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस.

गुढीची गाठी किंवा कडुलिंब सजावटीला वापरू का?

साखरेची गाठी फार देखणी दिसते. पण ती दमट क्रीमवर विरघळायला लागते, म्हणून ताटात नेताना शेवटच्या क्षणी ठेवा. कडुलिंबाचा कोवळा तुरा केकच्या शेजारी ताटात ठेवा, केकवर नको. त्याचा कडूपणा क्रीमला लगेच लागतो. कडुलिंब-गूळ सकाळी खाऊन झालेलाच असतो. वर आंब्याच्या पातळ कापांचं फूल, किंवा नुसती अर्धी स्ट्रॉबेरी. एवढं पुरे.

किती जणांना पुरेल?

सात इंची तीन थरांचा केक भरणासकट सव्वा ते दीड किलोच्या आसपास भरतो. बारा जण पोटभर खातात. आठ इंची टिन वापरायचा असेल तर सगळं साहित्य साधारण एक-तृतीयांश वाढवा.

थर कापताना निघालेला स्पंजाचा फुगवटा, बांधातून उरलेलं भरण, थोडं क्रीम, याचं काय?

स्टीलच्या वाट्यांत स्पंज कुस्करून घाला, वर भरण, वर क्रीम, आणि आंब्याच्या कोयीला चिकटलेला गर सुरीने खरवडून सगळ्यात वर. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा. आमच्याकडे संध्याकाळी शोभायात्रेहून दमून आलेली मुलं केकच्या आधी या वाट्या शोधतात.